सुलोचना मॅडम आणि माझी कागदी माणसं

सुलोचना थूल मॅडमचा माझ्यावर फार जीव आहे असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला. ज्या बाईंनी माझ्या वर्षभराच्या मेहनतीकडे बघून, हातातला चहाचा कप खालीसुद्धा न ठेवता, "थांबजो" एवढा एकच शब्द उच्चारला, त्यांचा जीव कसा असतो ते मला विचारा.

मी कैलास उमाटे. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, उद्घाटन, भावपूर्ण श्रद्धांजली, जे म्हणाल ते छापून मिळेल. दुकानाच्या मागे एक लांबोळकी खोली आहे. तिथे फ्लेक्स पसरून कडा मारायचं मोठं टेबल आहे आणि एक जुना, पण अंगात भलती ताकद असलेला कूलर आहे. या टेबलापायी आणि कूलरपायी आमच्या रविवारच्या खेळाचा अड्डा माझ्याकडे पडला.

हा खेळ धनंजयनं आणला. तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि पुण्याहून येताना डिग्रीबरोबर हे वेड घेऊन आला. खेळ सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपण काय करणार ते बोलतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. गोष्ट धनंजय सांगायचा. खेळायला मी, बँकेत नोकरी करणारी जागृती, आणि जो कोणी त्या रविवारी रिकामा सापडेल तो.

या खेळाला सामान लागतं. कोण कुठे उभं आहे ते कळायला छोटी माणसं लागतात, गुहांचे आणि गावांचे नकाशे लागतात, पत्ते लागतात. बाहेरून तयार मागवायचं तर खिसा फाटतो. म्हणून जगभरातले चित्रकार आता हे सगळं फाइलीत विकतात. फाइल घ्या, आपल्याच मशीनवर छापा, कापा, दुमडा, उभं करा. मशीन माझं असल्यामुळे आम्ही सुटलोच होतो. अडचण अशी की फाइली ढीगभर, आणि पडद्यावर सगळ्याच झकास दिसतात. त्यातलं घेण्यासारखं काय ते ओळखायची अक्कल आमच्यात कोणालाच नव्हती. धनंजय राक्षस बघून भुलायचा, मी रंग बघून भुलायचो, आणि छापून झाल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो.

मॅडम पहिल्यांदा आल्या त्या जागृतीला न्यायला. जागृती त्यांची मुलगी. पवनारला घरी पाहुणे आले होते आणि ही पोरगी फोन उचलत नव्हती. मॅडम दारात उभ्या राहिल्या. आत आम्ही मोठी माणसं एका बंद दरवाज्यावर अडलो होतो. म्हणजे गोष्टीतल्या दरवाज्यावर. तो फोडायचा की जाळायचा, यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. मॅडमनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पर्स मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दार वाजवून पाह्यलं का कोनी? आत मानूस असन तं उघडन."

धनंजय हसला, पण आत खरंच माणूस होता. दार उघडलं. मॅडम बसल्या त्या बसल्याच, आणि पाहुणे वाट पाहून जेवून गेले. पुढच्या रविवारी त्या आपणहून आल्या आणि चोर व्हायचंय म्हणाल्या. अख्खी नोकरी इमानदारीत केलेल्या बाई चोर कशाला होतात म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या की सरकारी नोकरीत जे जमलं नाही ते इथे करून बघते.

ती नोकरी अंगणवाडीची. मॅडमचं माहेर हिंगणघाटकडच्या वडनेरचं. वडील प्रेमदास दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करायचे, पण बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या घरात पोरगी शाळेत जाणार की नाही हा प्रश्नच नव्हता. मॅट्रिक झाल्या, अंगणवाडीत सेविका लागल्या, पुढे परीक्षा देऊन पर्यवेक्षिका झाल्या. मग जिल्हाभर एसटीनं हिंडल्या. आज तळेगाव, उद्या आष्टी, परवा नदीपलीकडचं कुठलं तरी गाव, जिथे एसटी नेते पण आणायला विसरते. पोरांसाठी वरून तक्ते यायचे, ठोकळे यायचे, चित्रांचे पत्ते यायचे. कागदावर सगळं उत्तम. मॅडम ते पोरांच्या हाती देऊन बघायच्या. कोणता तक्ता आठवड्यात फाटला, कोणत्या बाहुलीचा रंग चाटून गेला, कोणता महागडा खेळ कपाटातून बाहेरच निघाला नाही, हे त्यांच्या अहवालात असायचं. वरच्या साहेबांना ते अहवाल आवडायचे असं मला वाटत नाही.

निवृत्त झाल्यावर अशा बाईंना तपासायला काही तरी लागणारच. ते माझ्या मशीनमधून निघालं.

त्यांची पद्धत पक्की होती. किंमत आधी सांगायची नाही. सांगितली की माणूस स्वस्ताला चांगलं आणि महागाला फारच चांगलं म्हणतो. पहिली प्रत साध्या कागदावर, काळीपांढरी. तशी ओळखू आली तरच रंग, कारण फाइल स्वस्त असली तरी शाई स्वस्त नसते. मग ते पान खेळाचा गंध नसलेल्या माणसाच्या हातात द्यायचं आणि सोबत घरातली बोथट कात्री. त्याला कापता आलं नाही तर चित्रकाराची चूक. मग माणसं टेबलावर उभी करायची आणि कूलर पूर्ण सोडायचा. ही परीक्षा जगात दुसरं कोणी घेत नसेल. थंड देशातल्या चित्रकाराला काय माहीत, की आमच्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय खेळ होत नाही आणि कूलरसमोर त्याची अख्खी फौज दोन मिनिटांत आडवी होते. वरून कागद दमट होऊन माना टाकतो तो वेगळाच. सगळ्यात शेवटी खेळ. तेव्हा मॅडम बघायच्या की लोकांचा हात कशाकडे जातो आणि काय तसंच पडून राहतं.

यानंतर किंमत विचारायची आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच: घेजो, थांबजो, राहू दे. मोबाईलवर त्या तो बोलून ठेवायच्या आणि जागृतीनं काढलेल्या ग्रुपवर टाकायच्या. ग्रुपवर आधी आम्हीच होतो. मग नागपूरचे आले, अमरावतीचे आले, पुण्यात राहून वऱ्हाडी ऐकायला तरसलेले आले. निम्म्या लोकांना खेळाशी देणंघेणं नव्हतं, ते नुसते मॅडमला ऐकायला होते. एका संचातल्या खानावळीच्या कागदी मेनूत सतरा प्रकारची दारू होती. मॅडमनी विचारलं की इथे पाणी कोण देतं. नकाशांच्या एका जाडजूड गठ्ठ्याबद्दल त्या म्हणाल्या की एकाच गुहेला रंग बदलून बदलून आणलंय, हे म्हणजे कोहळ्याच्या फोडी करून प्रत्येकीला वेगळी भाजी म्हणणं. हवामानाच्या पत्त्यांचा एक संच आला होता. त्यात बर्फाचे पत्ते भरपूर आणि उन्हाचा एक. त्याला "राहू दे" मिळालं. धनंजयनं गंमत म्हणून ते इंग्रजीत करून त्या चित्रकाराला पाठवलं. तो भला माणूस निघाला. महिन्याभरानं त्यानं उन्हाचे आणखी पत्ते काढून पाठवले, त्यात एक लू लागून चक्कर आल्याचाही होता. मॅडमनी निकाल फिरवला आणि तो पत्ता आमच्या जेवणाच्या डब्यांवरून फिरवून सगळ्यांना दाखवला.

आता माझं. फ्लेक्सच्या धंद्यात चित्रकाराचं नाव खाली कोपऱ्यात असतं, मोबाईल नंबरासकट, मुंगीच्या आकाराचं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची तोंडं मोठी केली. चित्र काढता येतं मला, बरं येतं, पण ते कोणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. हे बाहेरचे संच छापता छापता मला वाटू लागलं की आपणही एक काढावा. नदीकाठचं एक गाव, त्यातली माणसं, घरं, डोंगा, बाजार. त्यावर माझं नाव. रोज रात्री दुकान बंद केल्यावर वर्षभर मी तेच करत होतो. नागपूरला खेळणाऱ्यांचा एक मेळावा होणार होता, तिथे संच विकायला ठेवायचं धनंजयनं ठरवून टाकलं. पण त्या मेळाव्याला येणारे सगळे मॅडमच्या ग्रुपवरचे. त्यांचं "घेजो" मिळालं तर संच चालणार, नाही तर मी परत आपला नियुक्त्या छापायला मोकळा. हे मला माहीत होतं, मॅडमला माहीत होतं, आणि तरी त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन करून शांतपणे म्हणाल्या की उद्या कूलरमध्ये पाणी भरून ठेव.

मी तयारीनंच होतो. काळीपांढरी प्रत: पास. बोथट कात्री: जागृतीच्या बँकेतल्या एका मैत्रिणीनं गप्पा मारत मारत सगळी माणसं कापली. कूलर: माझ्या प्रत्येक माणसाच्या पायाशी एक गोल होता, त्यावर रुपयाचं नाणं चिकटवायचं. कूलर घोंघावत राहिला आणि माझं गाव जागचं हललं नाही. धनंजयनं टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात नागपूरला पोचलो होतो.

मग खेळायला बसलो. धनंजय आणि मी एका बाजूला, जागृती आणि मॅडम समोर. खेळ सुरू झाला आणि अडखळायला लागला. जागृतीनं सावकार समजून कोतवालाला उचललं. मॅडमनी दोनदा विचारलं की यात चोर कोणता. तिसऱ्यांदा त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, माझ्या गावाकडे बघितलं, आणि परत जागेवर जाऊन बसल्या. खेळ संपला. चहा आला. आणि कप हातात धरून त्या म्हणाल्या, "थांबजो."

कारण विचारलं तेव्हा त्यांनी मला खुर्चीवरून उठवून आपल्या जागेवर बसवलं. "तुह्या मानसायले पाठच नाई, कैलास. इकून मले नुसता कोरा कागद दिसून राह्यला."

खरंच होतं. माझी सगळी माणसं समोरून रंगीत, हसरी आणि मागून पांढरीफटक. मला ते वर्षभरात एकदाही जाणवलं नव्हतं. फ्लेक्सला मागची बाजू नसतेच. माझ्या धंद्यात मागून बघणारा माणूस गिऱ्हाइक नसतो.

मला राग आला. मी म्हणालो की एवढंच ना, समोरचंच चित्र मागेही छापतो, पाच मिनिटांचं काम आहे, बाहेरचे बरेच जण तसंच करतात. मॅडम म्हणाल्या, "मंग तो मानूस दोन्हीकून तोंडच दाखवन. असा मानूस पाह्यला का तुनं कुठं?" असे पुष्कळ पाहिलेत आणि छापलेतही, असं मला सांगायचं होतं, पण धनंजय हसायला लागला आणि मी आणखी चिडलो. मी विचारलं की पाठीत असं बघायचं तरी काय असतं.

मॅडमनी आता कप खाली ठेवला. "मॅडम आली म्हनलं का समोरून सारे पोट्टे ताठ बसत. हसत. मी मंग मांगं जाऊन बसो. पाठीकून समजे, कोनतं पोट्टं उपाशी आलं, कोनतं भेलं, कोनाच्या मायले आज वेनी घालाले टाइम नाई भेटला. माह्या साऱ्या नोकरीत मले जे समजलं ते पाठीकूनच समजलं."

हे ऐकून मी शहाणा झालो असेन असं तुम्हाला वाटेल. मी झालो नाही. मी फणफणत घरी गेलो आणि बायकोला सांगितलं की या म्हाताऱ्या बाईला अंगणवाडीतून बाहेर काढलं, पण अंगणवाडी तिच्यातून निघत नाही. पुढच्या रविवारी मशीन बिघडलंय असं कळवून खोली उघडलीच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी कूलरची मोटर गेली, म्हणजे मी गेली असं सांगितलं. मॅडमनी फोनवर मोटर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर दिला.

त्याच आठवड्यात एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लावायचा होता. लावणारा पोऱ्या आला नाही म्हणून मीच बांबूवर चढलो. दोर बांधायला फ्लेक्सच्या मागे गेलो, तर तिथे एक चहाची टपरी, बाकडी, आणि बाकड्यांवर पाच-सहा माणसं चहा पीत माझ्या फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीकडे तोंड करून बसलेली. टपरीवाला मला ओळखत होता. तो तक्रार करत नव्हता, सहज बोलला, "भाऊ, आमाले कधीच समजत नाई कोनाचा वाढदिवस हाय. पन दुपारी सावली लय मस्त पडते."

मी बांबूवरच हसत सुटलो. खाली उतरून त्याच्याकडे चहा घेतला आणि त्या लोकांच्या मागे बसलो. आणि मग दिसायला लागलं. एकाच्या सदऱ्यावर घामाच्या मिठाची पांढरी रेघ होती. एकाच्या पाठीवर बाकाचे वळ उमटले होते, म्हणजे सकाळपासून तो तिथेच होता. तिसरा समोरच्याशी छान हसून बोलत होता आणि मागे धरलेल्या हातानं फोन घट्ट आवळत होता. मी दुकानात न जाता बसस्टँडवर गेलो आणि दुपारभर माणसांच्या मागे उभा राहिलो. एका कंडक्टरनं मला हटकलं, त्याचं बरोबरच होतं.

त्यानंतर मी पवनारला आमच्या वावरात गेलो. माझा बाप श्रावण उमाटे धाम नदीच्या काठाला वांगी, मेथी, कोबी लावतो. बाप वांग्याच्या सरीत वाकला होता आणि मी बांधावर बसून त्याची पाठ काढत होतो. इतक्या वर्षांत मी बापाकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. डाव्या खांद्यावर सदरा उसवला होता आणि त्यातून उन्हानं रापलेलं अंग दिसत होतं. मला त्याची माया आली, आणि चित्र चांगलं जमतंय याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम आलं.

पाठी काढता काढता मला गंमत सुचू लागली. समोरून माझी सगळी माणसं हसतच होती, फ्लेक्सची सवय. ते मी तसंच राहू दिलं. बदललं ते मागे. सावकार समोरून भरजरी, मागून कोटाला ठिगळ. कोतवाल समोरून छाती काढलेला, मागे बांधलेल्या हातात लाडू. म्हातारी समोरून काठी टेकणारी, पाठीला बांधलेलं तान्हं पोर. चोर समोरून सगळ्यांत सज्जन, आणि मागच्या मुठीत देवळाची किल्ली. दोन आठवड्यांत अख्ख्या गावाला पाठी फुटल्या. मग मी ग्रुपवर कळवलं की मोटर आली.

दुसऱ्या परीक्षेला मॅडमनी आपली जागा बदलली नाही. त्या आणि जागृती मागच्या बाजूला, धनंजय आणि मी पुढच्या. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात धनंजयला कळेना की समोरच्या दोघी का हसतायत. त्यानं कोतवालाचा दरारा वर्णन करून सांगितला, तर जागृती टेबलावर डोकं ठेवून हसू लागली, कारण तिला लाडू दिसत होता. आम्हाला हसरा चेहरा दिसत होता, त्यांना मागचा हात दिसत होता, आणि अर्धं अर्धं गाव जोडल्याशिवाय देवळाची किल्ली कोणाकडे आहे ते कळणार नव्हतं. धनंजयनं नियम केला की कोणी जागचं उठायचं नाही, जे कळवायचं ते आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं. मग जी धमाल उडाली ती काय सांगू. जागृती सांगणार एक, मॅडम त्यात स्वतःचा फायदा बघून मीठमसाला लावणार, कारण त्या चोर. मध्येच मॅडमना तहान लागली. माठ माझ्या मागे होता. त्या उठल्या, सावकाश पाणी प्यायल्या, सगळ्या गावाची तोंडं बघून घेतली आणि भोळा चेहरा करून परत बसल्या. पुन्हा तहान लागली तेव्हा जागृतीनं त्यांचा पदर धरला. आयुष्यभर दुसऱ्यांना तपासणारी बाई नक्कल करताना पकडली गेली, आणि इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझा बाप बाजारातून परत जाताना उरलेली वांगी द्यायला आला. खोलीत तो सहसा येत नाही. दुसऱ्यांच्या थोबाडांच्या दुकानात मला काय करायचंय, असं त्याचं म्हणणं. आज हसण्याच्या आवाजानं आला. टेबलाच्या मागच्या बाजूला उभं राहून त्यानं गावाकडे नीट बघितलं आणि बाजारातला एक माणूस उचलला. "हा कोन हाय बाप्पा? सदरा उसवला याचा."

मॅडम म्हणाल्या, "श्रावणभाऊ, हे तुमीच हाय."

बापानं चित्राकडे बघितलं, मग उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे नेला आणि चाचपून बघितलं. बोट भोकात गेलं. "मले कोनी सांगतलं काऊन नाई?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला. त्यानं कागदी माणूस उलटा करून आपलं हसरं तोंड पाहिलं, परत पाठीकडे वळवला, आणि पाठीकडेच बघत राहिला. स्टूल ओढून तो मॅडमशेजारी बसला. वांग्याची पिशवी मांडीवरच राहिली.

खेळ संपला. किल्ली मॅडमकडेच निघाली. आता निकाल. मला वाटलं होतं की मी शांत असेन, पण मी उगाच टेबलावरची माणसं एका रांगेत लावत बसलो. मॅडमनी किंमत विचारली, धनंजयनं सांगितली. त्यांनी मान हलवली, फोन काढला आणि आमच्यासमोरच बोलायला लागल्या. आधी कूलर, कात्री, शाई, सगळं रीतसर सांगितलं. मग म्हणाल्या, "हे सामान आपल्या वर्ध्याच्या कैलास उमाटेनं काढलं. यातला एकएक मानूस पाठमोरा पाहून काढला त्यानं. घेजो. आन खेळाले बसान तं पाठीकून बसजो."

फोन त्यांनी माझ्या हातात दिला. तुझ्या हातानंच पाठव म्हणाल्या. माझे डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू, आणि भरल्या डोळ्यांनी मी जो ग्रुप वर दिसला त्यावर बोट दाबलं. पाठवल्यावर जागृतीनं फोन घेतला आणि कपाळाला हात लावला. खेळणाऱ्यांचा ग्रुप खाली होता. मी निकाल पाठवला होता तो जिल्ह्यातल्या अंगणवाडीच्या सेविकांच्या ग्रुपवर.

परत घ्यायला जागृतीनं बोट नेलं, पण तोवर उत्तरं यायला लागली होती. एकीनं विचारलं की मॅडम, हे पोरांसाठी आहे का. दुसरीनं विचारलं, कोण कैलास, तो आर्वी नाक्याचा फ्लेक्सवाला काय. जागृतीनं तो निकाल खेळणाऱ्यांच्या ग्रुपवरही टाकला आणि सेविकांना टेबलाचे दोन फोटो पाठवले, एक पुढून, एक मागून. मग फोन टेबलावर थरथरतच राहिला. वडनेरहून एकीनं लिहिलं की म्हातारीच्या पाठीवरचं तान्हं पोर बघून रविवारची तिच्या अंगणात खेळायला आलेली पोरं फोनच सोडत नाहीत. तळेगावच्या सेविकेनं तर आवाजच पाठवला. पाठीमागे तिच्या गल्लीतल्या पोरांचा कलकलाट होता आणि त्यावर ओरडून ती सांगत होती, "मॅडम, आमच्याइथं पोट्टे जास्त हायत. त्याईले म्हना अजून मानसं काढा."

मॅडमनी ते दोनदा ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काढ मंग."

सोमवारी सकाळी एका नियुक्तीचा फ्लेक्स द्यायचा होता. तो मी मंगळवारी दुपारी दिला.